चोर्ला चढताना दम सोडणारी डिझेल : टर्बोच्या दाबाच्या नोंदी

२५ नोव्हेंबर २०२४, सोमवार

सकाळी गाडी लागली. सात आसनी, दीड लिटर कॉमन रेल डिझेल, २०१८ची, म्हणजे प्रदूषणाच्या बीएस ४ नियमातली. डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) नाही, तेवढी एक शंका कमी. टर्बो, म्हणजे धुराच्या जोरावर फिरून इंजिनात हवा दाबणारा पंखा, व्हीजीटी: धुराच्या वाटेतली पाती मिटली की दाब वाढतो, उघडली की कमी. ती पाती हलवणारा ॲक्चुएटर व्हॅक्यूमच्या ओढीवर चालणारा. केए-२२ पासिंग, दीड लाख किलोमीटरच्या पुढे. मालक जांबोटीकडचे, आम्ही त्यांना मामा म्हणतो, बेळगाव-गोवा भाडी मारतात. गोव्यात मोपाचा विमानतळ सुरू झाल्यापासून गाडी चोर्ला घाटातच जास्त असते. केरी म्हणजे त्या घाटाचा गोव्याकडचा पायथा.

तक्रार त्यांच्याच शब्दांत: "मेस्त्री, गावात कायबी न्हाई, पळत्या बरी. केरीतनं घाट चढूलालो की अर्ध्यात दम सोडत्या, दिवा लागतोय. बंद करून परत चालू केली की जरा वेळ बरी चालत्या."

याआधी दुसरीकडे एअर फिल्टर आणि इनटेकचा प्रेशर सेन्सर बदलून झालाय. त्यानंतर "टर्बो गेला" असं सांगून नव्या टर्बोचं कोटेशन दिलंय, तो कागद मामांच्या खिशातच आहे. जुना सेन्सर त्यांनी मागून घेतला होता, हे बरं केलं. काढलेला पार्ट गिऱ्हाइकाने मागून घ्यावाच.

स्कॅनरवर एकच कोड, पी०२९९. टर्बोचा दाब कमी. सोबतची फ्रीझ फ्रेम, म्हणजे कोड लागला त्या क्षणाचे आकडे: २३४० आरपीएम, लोड ९६ टक्के, कूलंट ९४ अंश, वेग ताशी ३८. म्हणजे तिसरा गिअर, भरलेली गाडी, तापलेलं इंजिन, चढ.

या कोडवर टर्बोला फाशी देणारे फार. ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) एवढंच सांगतो की मी अमुक दाब मागितला आणि तेवढा आला नाही. पाती उघडीच राहिली, ॲक्चुएटरला ओढ मिळाली नाही, पाइप फुटला, एक्झॉस्ट मॅनिफोल्ड गळतोय, सेन्सर खोटं बोलतोय, एक्झॉस्टमधला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तुंबलाय, यांतलं काहीही असलं तरी कोड तोच.

इंजिन गार होतं तेवढ्यात अंगणात करता येण्यासारखं केलं. स्टार्ट करताना हाताखालच्या पोराला टर्बोकडे बघायला सांगितलं: ॲक्चुएटरची दांडी लगेच आत ओढली गेली, बंद केल्यावर परत आली. ॲक्चुएटरची नळी काढून हातपंप लावला. ४ इंच पाऱ्याच्या ओढीवर दांडी हलायला लागते, १७ इंचांवर स्टॉपला टेकते, काटा पाच मिनिटं जागचा हलला नाही. पडदा शाबूत. इनटेकचा होज काढून शाफ्ट हलवून बघितला: आडवा किंचित प्ले, तो तेलाविना असतोच, मागे-पुढे हाताला काही लागत नाही. पंख्याची पाती कुठे घासलेली नाहीत. होजमध्ये तेलाचा पातळ थर, क्रँककेसची वाफ तिथूनच जाते म्हटल्यावर तो असणारच.

कोटेशनचा कागद मामांना परत खिशात ठेवायला सांगितला.

२६ नोव्हेंबर

दाबाच्या बाजूची गळती. उद्यमबागेतल्या टर्नरकडून मागे ॲल्युमिनियमचा अडॅप्टर करून घेतलाय, टर्बोच्या तोंडावर बसतो आणि त्याला टायरचा व्हॉल्व्ह आहे. कॉम्प्रेसरची हवा रेग्युलेटरवरून १ बारपर्यंत, त्याच्या पुढे नाही. साबणाचं पाणी सगळीकडे. टर्बोची हवा गार करणाऱ्या इंटरकूलरच्या खालच्या क्लिपजवळ बुडबुडे आले. क्लिप नवी लावली, बंद झाले. ईजीआरकडून (थोडा धूर परत इंजिनात सोडणारी झडप) थोडी हवा जाते, डिपस्टिकच्या नळीतून थोडी येते. एखादा इनटेक व्हॉल्व्ह उघडा असतो आणि रिंगांवरून हवा खाली उतरते, ती गळती धरायची नाही.

मामांचा फोन: "सापडलं काय?" म्हटलं, एक क्लिप सापडली, दुखणं अजून नाही. एवढ्याशा बुडबुड्यांनी घाटात गाडी थांबत नाही.

२७ नोव्हेंबर

हायवेने काकतीच्या पुढे वंटमुरी घाट. मागच्या सीटवर वाळूची पोती, लॅपटॉप पोराच्या मांडीवर. मागितलेला दाब, मिळालेला दाब, सोलेनॉइडची (ईसीयूच्या हुकमाने ॲक्चुएटरला ओढ सोडणारी झडप) ड्युटी म्हणजे ती किती टक्के वेळ उघडी, हवेचं वजन, आरपीएम, पेडल, एवढंच रेकॉर्डला लावलं. स्कॅनरवर चाळीस ओळी लावल्या तर प्रत्येक ओळ सावकाश बदलते आणि नेमका झटका निसटतो.

काही झालं नाही. मागणी २१५० मिलिबार, मिळाले २१३०, ड्युटी ६० टक्क्यांच्या आसपास. चढ आखूड आहे, गाडी तापायच्या आत संपतो. पण निरोगी आकडे हाती आले, तुलनेला ते लागतात.

पोराने विचारलं, २१५० म्हणजे दोन बारच्या वर टर्बो फुगवतो काय? नाही. स्कॅनर ॲब्सोल्यूट दाखवतो, म्हणजे बाहेरची हवा धरून. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटरवर. इथे इंजिन बंद, किल्ली ऑन असताना तोच सेन्सर ९२५ ते ९३०च्या मध्ये दाखवतो. टर्बोची खरी कमाई सव्वा बारच्या जवळपास. घड्याळासारखा गेज लावला तर तो ही कमाईच तेवढी दाखवतो. एकाने गेजवर १.२ बघायचं, दुसऱ्याने स्कॅनरवर २.१ बघायचं आणि मग दोघांनी भांडायचं, हे मी पाहिलेलं आहे.

२९ नोव्हेंबर, शुक्रवार

चोर्ला. दुखणं जिथे होतं तिथेच जायचं. पिरनवाडी, जांबोटी, कणकुंबी, खाली केरी. गाडी मामा चालवतायत, रोजचा त्यांचा पाय तसाच पाहिजे. पोती तीच.

उतरताना सेन्सरचा निकाल लावून टाकला. बेळगावात किल्ली ऑनवर ९२८. कणकुंबीला थांबून तेच केलं: ९२२. केरीत घाट उतरल्यावर: १००२. ईसीयूचा स्वतःचा वेगळा हवामानाचा सेन्सर आहे, तोही प्रत्येक ठिकाणी दोन-चार मिलिबारच्या आत. मग मामांनी जपलेला जुना सेन्सर लावला: १००१. दोन्ही चांगले. तो बदलायची गरजच नव्हती. आपल्याकडे घाट आहे म्हणजे फुकटचं कॅलिब्रेशन आहे, सातशे मीटर वर-खाली केलं की ८० मिलिबारचा फरक आलाच पाहिजे. जो सेन्सर गॅरेजमध्ये बरोबर दाखवून केरीत चुकतो तो सरळ रेषेत काम करत नाही असं समजावं.

मग चढ. पहिली वळणं व्यवस्थित. अर्ध्याच्या थोडं अलीकडे, तिसऱ्यात, २३०० आरपीएमला, दाब हळूहळू उतरायला लागला. मागणी २१५०, मिळकत २०५०, मग १९००, मग १६९०. ड्युटी ६२ वरून चढत चढत ९० वर गेली आणि तिथेच चिकटली, ९० ही तिची हद्द. दिवा लागला, गाडीने ताकद सोडली, मागून एका गोवा पासिंगवाल्याने हॉर्नने कान फोडले. बाजूला घेतली.

या एका रेकॉर्डमध्ये अर्धं निदान आहे.

पहिली गोष्ट, ड्युटी वर गेली. ईसीयू ओरडून मागतोय आणि मिळत नाही. ड्युटी खाली असती तर ईसीयूनेच दुसऱ्या कारणाने हात आखडता घेतलाय असं म्हणावं लागलं असतं.

दुसरी, हवेचं वजन. चांगलं असताना दर स्ट्रोकला ७७० मिलिग्रॅम, दुखणं आलं तेव्हा ६१५. दाब जेवढ्या प्रमाणात पडला तेवढ्याच प्रमाणात वजनही पडलं. टर्बोच्या पुढे पाइप फुटला असता तर एअर फ्लो सेन्सरने हवा मोजली असती आणि ती मधल्यामध्ये बाहेर गेली असती: वजन जास्त, दाब कमी आणि मागे काळा धूर. तसा धूर मामांनी कधी बघितला नाही. त्यामुळे टर्बोच हवा कमी ओढतोय, म्हणजेच त्याला कमी फिरवलं जातंय.

तिसरी, दाब सावकाश पडला. वायर तुटली की तो धाडकन पडतो. सावकाश पडतं ते तापण्याशी संबंधित असतं.

दहा मिनिटं थांबून, चहा नाही, नुसती सावली, परत चालू केली तर वरपर्यंत बरी आली. किल्ली बंद केली की ईसीयूची मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होते हे एक, आणि तेवढ्यात काहीतरी गार झालं हे दुसरं. ते काहीतरी शोधायचंय.

३० नोव्हेंबर

सोलेनॉइड काढून टेबलावर. कॉइल २६ अंशांना १५.२ ओहम. हेअर ड्रायरने ८० अंशांपर्यंत तापवली: १८.४. इतकी वाढ बघून बरेच जण सोलेनॉइड फेकतात. तांब्याचा रोध दर अंशाला साधारण ०.४ टक्का वाढतो, चोपन्न अंशांना एकवीस टक्के. हिशेब जुळतो, कॉइल शहाणी आहे. गरम असतानाच बॅटरीवर टकटक केली, झडप उघडते-मिटते. फिल्टरचा स्पंज काळा होता, धुतला.

२ डिसेंबर, सोमवार

व्हॅक्यूमचा गेज गाडीच्या आत आणायची तयारी. हातपंपावर काटा न हलणं म्हणजे गळती नाही, एवढंच सिद्ध होतं, तेही गार आणि उभ्या गाडीत. चालत्या गाडीत ॲक्चुएटरला खरंच किती ओढ मिळते हे चालत्या गाडीतच बघायचं. दोन गेज, टीच्या आकाराचे दोन जोड, लांब जाड नळ्या, बॉनेटच्या मागच्या फटीतून काचेवर टेपने. एक पंपापाशी, एक ॲक्चुएटरपाशी. काट्यांकडे पोराने बघायचं, चालवणाऱ्याने रस्त्याकडे.

पंपापाशी इंजिन चालू असताना २४.८ इंच पारा. पोराने पुस्तक उघडून म्हटलं, इथे २७ लिहिलंय, पंप कमजोर. हे या भागात वरचेवर होतं म्हणून लिहून ठेवतो. पुस्तकातला आकडा समुद्रकाठचा आहे. तिथे हवेचा दाबच २९.९ इंच. बेळगावात हवा साधारण २७.३ इंचांची. पंपाने सगळीच्या सगळी हवा काढली तरी २७.३च्या पुढे काटा जाऊच शकत नाही, आणि कुठलाही पंप सगळी काढत नाही. २७.३ पैकी २४.८ म्हणजे पंप ठणठणीत. उंचीने दर हजार फुटांना जवळपास एक इंच वजा करायचा. गावातले कितीतरी चांगले पंप या एका इंचापायी भंगारात गेले असतील.

शिवाय याच पंपावर ब्रेकचा बूस्टर आहे. पंप दमला असता तर मामांनी आधी ब्रेक कडक झाल्याची तक्रार केली असती.

३ डिसेंबर

पुन्हा केरी. खाली पोहोचल्यावर पंपापाशी तोच काटा २७ला टेकला, पोराला मी नुसतं बोट दाखवलं.

चढाला सुरुवात: पंप २७, ॲक्चुएटर १३. दोन्ही काटे स्थिर. चढता चढता पंपाचा काटा उतरेल हे आधीच सांगून ठेवलं होतं, माथ्यापर्यंत दोन-अडीच इंच तर हवेच्या विरळपणानेच जाणार, त्याला दोष धरायचा नाही.

जिथे परवा दम सोडला त्याच्या आसपास पंप २६, ॲक्चुएटर १२, १०, ८. ड्युटी ९०. पंप भरपूर ओढतोय, ती ओढ टर्बोपर्यंत पोहोचत नाही.

बाजूला घेतली, इंजिन बंद न करता ॲक्चुएटरचा टी काढून सोलेनॉइडच्या तोंडाशी, येणाऱ्या बाजूला लावला. हातमोजे घालून, त्या जागी हात भाजतो. पुन्हा चढ. सोलेनॉइडच्या तोंडाशी १०, पंपापाशी २५. म्हणजे सोलेनॉइडला शिधाच कमी मिळतोय, तो पुढे काय वाढणार? दुखणं पंप आणि सोलेनॉइड यांच्या मधल्या दोन-अडीच फुटांत.

मामा म्हणाले, "मग टर्बो बरा हाय म्हणा की." म्हटलं, आज तरी त्याच्यावर आरोप नाही.

४ डिसेंबर

सापडलं.

पंपाकडून निघालेली नळी इंजिनच्या मागून, टर्बोची उष्णता अडवणाऱ्या हीट शील्डच्या अंगावरून सोलेनॉइडकडे जाते. वर काळा कोरुगेटेड स्लीव्ह, टेप गुंडाळलेली, बघितलं तर कंपनीचंच वाटावं. टेप सोडली तर आत विंडशील्ड वॉशरची प्लॅस्टिकची नळी. मूळची जाड दोरा विणलेली रबरी नळी कधीतरी तडकली असणार, आणि कुणीतरी हाताशी होती ती लावून दिली. हीट शील्डचा एक बोल्टही नाही, ते या नळीकडे झुकलंय. इन्फ्रारेड गनने मोजलं, हायवेवरून एक चक्कर मारून आल्यावर तिथे ९८ अंश. पीव्हीसी सत्तर-ऐंशीलाच मऊ पडतं.

ही नळी फुटलेली नाही. कुठे भोक नाही. म्हणूनच कुठल्याच गळतीच्या चाचणीत ती सापडत नव्हती. ती तापली की मऊ होते आणि आतल्या ओढीने तिच्या भिंती एकमेकींना चिकटतात.

टेबलावर करून बघितलं, पोराला कळायला पाहिजे म्हणून. एका टोकाला हातपंप, दुसऱ्या टोकाला गेज, टोक बंद. हीट गनने ९० अंश. नळी चपटी झाली तरी दोन्हीकडे २२ इंच, काटा हलेना. पास! मग गेजच्या बाजूला टी लावून त्यावर बारीक जेट ठेवला, थोडी हवा सतत आत येत राहील असा. गार असताना पंप मारत राहिलो तर दूरच्या टोकाला १९ टिकले. तापवल्यावर पंपाकडे २२, दूरच्या टोकाला ७.

सोलेनॉइड सतत उघडझाप करताना बाहेरची थोडी हवा आत घेतच असतो. पंपाला ती हवा सारखी काढत राहावी लागते. नळीतून हवा वाहत असते तेव्हाच तिचं अरुंद होणं कळतं. वाहणं थांबलं की अरुंद नळीच्या दोन्ही टोकांना दाब सारखाच होतो. पाण्याची तोटी बंद असताना पाइप किती गंजलाय ते कळत नाही, तसं.

शहरात दुखणं का नव्हतं, वंटमुरीला का नव्हतं, दहा मिनिटं सावलीत थांबल्यावर का बरं वाटायचं, या सगळ्याला एकच उत्तर मिळालं.

६ डिसेंबर

दोरा विणलेली, ३.५ मिलिमीटर आतल्या व्यासाची नळी बेळगावात आत्ता मिळाली नाही. काउंटरवाल्याने "नाळे बर्तद री" म्हणून टोलवलं, त्याचं उद्या कधी येतं माहीत आहे. कोल्हापूरहून बसच्या पार्सलने मागवली. दोनशे रुपयांच्या आतबाहेर. सगळीच्या सगळी व्हॅक्यूमची नळी नवी टाकली, सोलेनॉइड ते ॲक्चुएटरसुद्धा; शील्डला बोल्ट, नळी चार बोटं लांबून क्लिपने बांधली. हायवेवर फेरी: ड्युटी ५५, दाब मागेल तितका. गाडी दिली. मामांना सांगितलं, भाडं मारून या, काही वाटलं तर फोन करा.

बिल बनवताना नेहमीची अडचण. पार्ट दोनशेचा, शोधायला घाट धुंडाळला. पार्टाचे पैसे लोक हसत देतात, शोधण्याचे द्यायला हात अडखळतो. मामांनी दिले, कारण कोटेशनचा कागद त्यांच्याच खिशात होता.

९ डिसेंबर, सोमवार

आजपासून कर्नाटक विधिमंडळाचं बेळगावातलं अधिवेशन. हलग्याच्या बाजूने सुवर्णसौध या विधिमंडळाच्या इमारतीपाशी पोलीस, बॅरिकेड, मोर्चे. त्या रस्त्याला टेस्टिंग पुढचे काही दिवस नको.

दुपारी मामांचा फोन. गाडी ओढते बेफाम, पण जांबोटीच्या अलीकडे ओव्हरटेक करताना एकदम झटका देऊन दिवा लागला. संध्याकाळी आणली. कोड पी०२३४. दाब जास्त.

परवापर्यंत कमी, आता जास्त. पोरगा गोंधळला. मला उलट हे चिन्ह बरं वाटलं: ओढ आता पुरी मिळतेय, म्हणून मागचं दुसरं दुखणं उघडं पडलं. या टर्बोत ओढ जास्त म्हणजे पाती मिटलेली आणि दाब जास्त. आधी तापल्यावर ओढच अपुरी असायची, पाती तापलेल्या स्थितीत पूर्ण मिटण्याच्या टोकापर्यंत जातच नव्हती. आता जातात आणि तिथे अडकतात असा संशय.

१० डिसेंबर

खानापूर रोडला मोकळ्या जागी रेकॉर्ड. तिसऱ्यात जोरात पेडल, मग अर्धं सोडलं. मागणी १९००वर आली, मिळकत २४२०. ड्युटी १५पर्यंत खाली, म्हणजे ईसीयू सोड म्हणतोय. दाब सेकंदभर तसाच, मग एकदम खाली. इथे ओढ अडकली की पाती? ॲक्चुएटरपाशी गेज होताच: ड्युटी पडली तेव्हा ओढही लगेच ५ इंचांवर आली. नळ्या, सोलेनॉइड निर्दोष. दांडीवरची ओढ सुटलेली, पाती मोकळी नाहीत.

परत आल्याबरोबर, गार होऊ न देता, हातपंप आणि व्हर्नियर. चढत्या क्रमाने: ८ इंचांना दांडी ३.५ मिलिमीटर, १२ला ७, १७ला पूर्ण ११. उतरत्या क्रमाने: १२ला साडेदहा, ९ला ९, ८लाही ९, ७लाही ९, आणि ५ इंचांच्या जवळ खाडकन ३. जाताना आणि येताना थोडा फरक कुठल्याही यंत्रात असतो, पण ही उडी आहे. रात्री गार झाल्यावर तेच केलं तर उडी जवळजवळ गायब. पहिल्या दिवशी सकाळच्या गारव्यात दांडी गुमान परत आली होती ती याचमुळे. गार असताना पाती फिरवणाऱ्या कड्याला मोकळीक असते. तापल्यावर सगळं फुगतं आणि काजळीची पायरी आडवी येते.

११ डिसेंबर

मामांशी बोललो. टर्बो बदलायचा नाही, उघडायचा. ते जरा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "उघड बाबा, भाडी दुसऱ्या गाडीला देतो." अरेतुरेवर आले म्हणजे विश्वास बसला.

१२ डिसेंबर

टर्बो खाली. एक्झॉस्टचे नट आधल्या रात्रीपासून गंजाच्या स्प्रेमध्ये भिजवून ठेवले होते, तरी एक स्टड सोबत आलाच.

टर्बाइनचं आवरण काढण्याआधी दोन्ही भागांवर पंचने खूण, ते फिरलं तर तेलाचे पाइप आणि दांडी कशालाच जुळत नाहीत. आवरण अडकलं होतं, लाकडी हातोडीने चहूबाजूंनी हलकेच. एका बाजूने पाना घालून उचकटलं की पात्याला धक्का लागून चाक जातं.

आत अपेक्षेप्रमाणे. पाती फिरवणारं कडं काजळीत बसलेलं, मिटण्याच्या टोकाला कडक काळ्या कार्बनची उभी पायरी. पाती सगळी शाबूत, टोकं झिजलेली नाहीत. टर्बाइनचं चाक स्वच्छ, शाफ्टच्या सीलपाशी तेलाचा ओघळ नाही.

स्टॉपचा स्क्रू, ज्याच्यावर पाती किती मिटायची ते ठरतं, त्याला हात लावायचा नाही. तो कारखान्यात हवा सोडून मोजून बसवलेला असतो, डोळ्यांनी परत जुळत नाही. पोराच्या हातातून पाना काढून घेतला.

१३ डिसेंबर

कडं आणि पाती कार्बन क्लीनरमध्ये. मधला भाग, जिथे बेअरिंग आहेत, तो द्रावणात बुडवायचा नाही. दुपारी पितळी ब्रश. पॉलिश पेपर नको: धातू ओरखडला की पुढची काजळी तिथेच धरते. संध्याकाळी कडं बोटाने फिरलं, अडखळ नाही. ग्रीस, तेल काही लावलं नाही, तिथल्या उष्णतेत ते जळून नवा कार्बनच होईल.

डायल गेजने शाफ्टचा मागे-पुढे प्ले: ०.०५ मिलिमीटर. चांगला.

१४ डिसेंबर

गॅस्केट, तांब्याचे वायसर आणि तेलाच्या पाइपचा बॅन्जो बोल्ट आला. बोल्टच्या भोकातली जुनी काजळी बघून नवाच मागवला होता.

१६ डिसेंबर, सोमवार

टर्बो वर. तेलाच्या भोकातून ताजं तेल ओतून शाफ्ट हाताने फिरवला. इंजेक्टरचे कनेक्टर काढून नुसता सेल मारला, तेलाचा दिवा विझेपर्यंत. मग चालू करून दहा मिनिटं आयडलवर, पेडलला हात नाही. गळती कुठे नाही. आयडलवर तापवून पुन्हा हातपंप-व्हर्नियर: १२ला जाताना ७, येताना ७.४. ८ला ३.५ आणि ४. उडी नाही.

१८ डिसेंबर

चोर्ला, मामा, पोती, गेज, सगळं पूर्वीसारखं. केरी ते माथा न थांबता. मागणी २१५०, मिळकत २१२० ते २१६०. ड्युटी ५८, माथ्याजवळ ६६. हवा विरळ होत जाते, तेवढाच दाब राखायला टर्बोला जास्त मेहनत करावी लागते, हे व्हायलाच हवं. पंप २७ वरून २४.६. ॲक्चुएटर १३, शेवटी १४. पेडल सोडल्यावर दाब मागणीच्या मागोमाग खाली. कोड नाही.

माथ्यावर पेडल मारून-सोडून पुन्हा बघितलं, सगळ्यात तापलेल्या अवस्थेत. तरीही नाही.

१९ डिसेंबर

गाडी दिली. जुनी वॉशरची नळी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून मामांच्या ताब्यात, जुन्या सेन्सरशेजारी. दोन गोष्टी सांगितल्या: चौथ्यात ताशी तीसने रेटत नेऊ नका, गिअर खाली घ्या, कमी आरपीएमवर रेटली की काजळी वाढते, आणि घाटातून वर आल्यावर लगेच किल्ली बंद न करता मिनिटभर चालू ठेवा.

ईजीआर उघडलेला नाही. टर्बोत इतका कार्बन होता म्हणजे तिथेही असणार. पुढच्या सर्व्हिसला तो काढायचा, गॅस्केट आधी मागवून ठेवायचं. कालच्या घाटाचं रेकॉर्ड लॅपटॉपवर गाडीच्या नंबराने ठेवलंय, तेव्हा याच्याशी ताडून बघायला.